सीमेन रिपोर्ट ‘निल’ आलाय? जेनेटिक टेस्ट कुठल्या, कधी आणि कशा क्रमाने करायच्या

सीमेन (वीर्य) रिपोर्टवर ‘निल’ किंवा ‘अझूस्पर्मिया’ (म्हणजे शुक्राणू शून्य) आलं की आपल्याकडे बहुतेक घरांत काय होतं, नवरा तो कागद कपाटात कोंबतो, बायकोच्या सोनोग्राफ्या चालूच राहतात आणि कुणीतरी शिलाजितची डबी आणून देतं. मी लॅबमध्ये काम करतो, हे कायम बघतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतोय. आधीच सांगतो, ताकद वेगळी आणि शुक्राणू वेगळे, बाकी सगळं एकदम व्यवस्थित असलेल्या माणसाचाही काउंट शून्य असू शकतो.

पहिलं काम, टेस्ट परत करा, एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. सॅम्पल देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्य बाहेर पडलेलं नसावं आणि सॅम्पल सगळंच्या सगळं डबीत पडलं पाहिजे, सुरुवातीचे थेंब सांडले असतील तर काउंटरवर सांगून टाका, लाजून गप्प बसलात तर व्हॉल्यूम चुकीचा येणार आणि पुढचा अर्धा हिशोब त्या व्हॉल्यूमवरच आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू-टायफॉइडसारखा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि तापाचा फटका उशिरा दिसतो. सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ बघितला का, हे लॅबला विचाराच. कधीकधी त्या गाळात दोन-चार शुक्राणू सापडतात आणि इक्सीवाल्यांना (एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचतात ते) तेवढेही पुरतात.

दुसऱ्यांदाही शून्य आला, किंवा ५० लाख प्रति एमएलच्या खाली आला (डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे), की मग जेनेटिकचा विषय निघतो. सगळ्यांचं कारण जेनेटिक नसतंच, लहानपणी टेस्टिस (वृषण) खाली न उतरणं, गालगुंड, हर्नियाचं ऑपरेशन हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा. त्यानंतर दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा, सीमेनचा व्हॉल्यूम आणि रक्तातला एफएसएच (टेस्टिसला शुक्राणू बनवायला लावणारं हॉर्मोन). कारखाना बंद आहे (शुक्राणू बनतच नाहीत) की रस्ता बंद आहे (बनतात पण बाहेर येत नाहीत), ते यावरून बरंचसं कळतं.

व्हॉल्यूम दीड एमएलच्या खाली, फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) निगेटिव्ह, पीएच आम्लाकडे झुकलेला, पण एफएसएच आणि टेस्टिसची साइज नॉर्मल, असं असेल तर शुक्राणू बनतायत पण त्यांना बाहेर आणणाऱ्या नळ्या जन्मतःच नसण्याची शक्यता मोठी. चांगला युरोलॉजिस्ट हे नुसतं हाताने तपासून सांगतो. इथे सीएफटीआर जीनची टेस्ट लागते, हाच जीन सिस्टिक फायब्रोसिसचा (फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार). फक्त ठराविक म्युटेशन (जीनमधले बिघाड) बघणारा स्वस्त पॅनल घेऊ नका, त्यातले बरेचसे युरोपियन लोकांवरून बनवलेत आणि आपल्याकडची म्युटेशन त्यातून सुटतात, पूर्ण जीनचं सिक्वेन्सिंग करा. सुईने शुक्राणू काढून इक्सी करता येतं, पण त्याआधी बायकोची सीएफटीआर टेस्ट करायचीच, कारण दोघांकडे एकेक बिघडलेली कॉपी असेल तर बाळाला दोन्हीकडून बिघडलेली मिळायची शक्यता चारात एक, आणि नवऱ्याच्या दोन्ही बिघडलेल्या असतील तर दोनात एक. किडनीची सोनोग्राफी पण करून घ्या, यातल्या काहींना एकच किडनी असते आणि त्यांना ते माहीतही नसतं.

व्हॉल्यूम ठीक, एफएसएच वाढलेला, टेस्टिस लहान, म्हणजे कारखान्याकडे बघा. इथे दोन टेस्ट, कॅरिओटाइप (सगळे क्रोमोसोम मोजून बघायचे) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय क्रोमोसोमचे बारीक तुकडे उडालेत का बघायचं), आणि एक केली म्हणून दुसरी सोडायची नाही कारण वायवरचे हे उडालेले बारीक तुकडे कॅरिओटाइपमध्ये सहसा दिसत नाहीत. कॅरिओटाइपचं रक्त हिरव्या झाकणाच्या हेपरिन ट्यूबमध्ये जातं आणि त्यातल्या पेशी जिवंत लागतात, लॅबमध्ये तीनेक दिवस वाढवून मग क्रोमोसोम मोजतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी सॅम्पल देऊ नका, कुरिअरमध्ये पडून राहिलं की ‘ग्रोथ नाही’ म्हणून परत हात पुढे करावा लागतो. वायची टेस्ट जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर होते, तिला एवढे लाड लागत नाहीत.

कॅरिओटाइपमध्ये ४७,एक्सएक्सवाय आलं तर क्लाइनफेल्टर (म्हणजे एक एक्स क्रोमोसोम जादा), साधारण ६०० मुलांमागे एकाला असतं आणि कित्येकांना मूल होत नाही म्हणून टेस्ट करेपर्यंत कळतच नाही. मायक्रो-टेसे ऑपरेशनमध्ये (मायक्रोस्कोपखाली टेस्टिसमधून शुक्राणू शोधतात) यातल्या जवळपास निम्म्या लोकांत शुक्राणू मिळतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून कुणी लगेच इंजेक्शन सुरू करत असेल तर थांबा आणि मूल हवंय हे स्पष्ट सांगा, त्या इंजेक्शनने उरलेसुरले शुक्राणूही बंद पडतात. (जिमवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू.)

वायच्या रिपोर्टवर एझेडएफ (शुक्राणू बनायला लागणारा वायचा पट्टा) ए, बी, सी असे तीन भाग असतात, आणि माझ्या मते पैशाच्या दृष्टीने अख्ख्या फाइलमधला हाच कागद सगळ्यात महत्त्वाचा. ए किंवा बी पूर्ण उडालेला असेल तर ऑपरेशन करून शुक्राणू मिळत नाहीत, विषय संपला, कुणी ‘ट्राय करून बघू’ म्हणालं तरी टेबलावर झोपू नका, डोनर किंवा दत्तक याचा शांतपणे विचार करा. फक्त सी गेला असेल तर चित्र बरंच बरं, काहींच्या सीमेनमध्येच थोडे मिळतात, नाहीतर ऑपरेशनमध्ये मिळायची बऱ्यापैकी शक्यता. मात्र मुलगा झाला तर तोच वाय त्याच्याकडे जाणार. मग मुलीचाच गर्भ निवडा असं इथे सांगता येत नाही, पीसीपीएनडीटी कायद्याने लिंग निवडणं बंद आहे, कुणी आडून सुचवलं तरी फशी पडू नका.

एफएसएच आणि एलएच (टेस्टिसला चालवणारं दुसरं हॉर्मोन) दोन्ही तळाला, दाढी-मिशा उशिरा किंवा आल्याच नाहीत, आणि फोडणीचा वासही येत नाही, असं असेल तर कालमन सिंड्रोम असू शकतो. हा त्यातल्या त्यात नशीबवान प्रकार, एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं काही महिने ते दीड-दोन वर्षं नेटाने घेतली तर बऱ्याच जणांत शुक्राणू तयार होतात.

कॅरिओटाइपमध्ये ट्रान्सलोकेशन (क्रोमोसोमच्या तुकड्यांची जागा बदललेली) आलं तर माणूस तब्येतीने ठणठणीत असतो पण बायकोचे गर्भपात होत राहतात, आणि बोल तिलाच लागतो. गर्भ आत सोडण्याआधी तपासायची सोय आहे, जेनेटिक काउन्सेलरला विचारा. हा रिपोर्ट आणि सीएफटीआरचा रिपोर्ट सख्ख्या भावंडांनाही दाखवा, खास करून ज्या बहिणीचे दोन-तीन गर्भपात झालेत तिला, तिच्या फाइलमध्ये कॅरिओटाइप बहुतेक कुणी केलेलाच नसतो.