मुलांच्या रक्तातलं शिसं : या चुका टाळा

मूल नीट जेवतंय, खेळतंय, मग त्याच्या रक्तात शिसं कसं असेल? इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. बहुतेक मुलांमध्ये काहीच लक्षणं दिसत नाहीत. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड सुरू होते तोवर पातळी बरीच चढलेली असते आणि मेंदूचं झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रक्तात डेसीलिटरमागे (म्हणजे 100 मिलिलिटरमागे) 5 मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी ते कुठून येतंय याचा शोध घ्यायलाच हवा. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात आकडा जास्त आला, तर शिरेतलं रक्त तपासून खात्री करा; बोटावरच्या धुळीनेही तो फुगतो.

‘आमचं मूल रंगाचे पोपडे खात नाही’ हे खरं असेलही, पण पोपडे खावेच लागतात असं नाही. शिसं असलेला जुना रंग दिलेली खिडकी उघडताना-लावताना घासते, बारीक भुकटी चौकटीत साचते, तिथून जमिनीवर येते. रांगणारं बाळ तेच हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसं मुलांचं शरीर शोषून घेतं. म्हणून सुकं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुना रंग कोरडा घासून काढणं तर सर्वांत घातक. ते काम चालू असताना मुलांना त्या घरात ठेवूच नका.

बॅटरी किंवा रंगाच्या कामावरून आल्यावर बाळाला तसंच उचलून घेऊ नका. आधी अंघोळ, मग बाळ. कामाचे कपडे वेगळे धुवा.

पाणी उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. नळाच्या जोडणीत शिसं असेल, तर रात्रभर साचलेलं पाणी आधी वाहू द्या. प्यायला आणि स्वयंपाकाला गारच पाणी घ्या.

सगळा भार औषधावर टाकू नका. शिसं बाहेर काढणारी औषधं रक्तातली पातळी डेसीलिटरमागे साधारण 45 मायक्रोग्रॅमच्या पुढे गेली की देतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मूल त्याच धुळीत परतलं तर उपचार वाया जातो. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं तर शिसं जास्त शोषलं जातं, त्यामुळे आहाराकडेही बघा. उपचारानंतर हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरून आकडा पुन्हा चढू शकतो, तेव्हा पुढची तपासणी चुकवू नका.