‘ठीक आहे’च्या पुढे: मधल्या गेमवर मत कसं लिहावं

2009 ते 2016 अशी सात वर्षं लालबागला माझं गेमच्या डिस्क भाड्याने द्यायचं दुकान होतं. चिवडा गल्लीपासून दोन मिनिटांवर, आठ बाय दहाचा गाळा. आधी पीएस3 च्या (प्लेस्टेशन 3) डिस्क, मग पीएस4 च्या. दिवसाला 60 रुपये, 1,000 रुपये डिपॉझिट. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसं सुटली की गर्दी, सोमवारी सकाळी परतीची रांग. काउंटरवर लाल पुठ्ठ्याची वही असायची. नाव, डिस्क, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना मी हाताने आखून घेतला होता: ‘काय म्हणाला’.

चांगला गेम नेलेला माणूस सोमवारी फोन करायचा, ‘दादा, अजून दोन दिवस राहू दे.’ टाकाऊ गेम रविवारी दुपारीच परत यायचा, वर बदलून द्या म्हणून हुज्जत. मधला गेम मात्र अगदी वेळेवर यायचा. ‘कसा होता?’ ‘ठीक आहे.’ वहीत या दोन शब्दांनी पानंच्या पानं भरली होती आणि पुढचं गिऱ्हाईक ‘हा नेऊ का?’ म्हणून विचारायचं तेव्हा त्या पानांचा मला काडीचा उपयोग नव्हता.

मग एके सोमवारी ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतला, दहावीतला एक मुलगा ‘मॅड मॅक्स’ परत घेऊन आला. मी नेहमीचं विचारलं. तो म्हणाला, ‘गाडीत बसलं की एक नंबर. खाली उतरलं की होमवर्क.’ मी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढच्या तीन महिन्यांत त्या एका वाक्यावर मी ती डिस्क कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवत होतो, आणि तक्रार घेऊन कोणी आलं नाही. मधल्या गेमवर मत कसं द्यायचं हे मला त्या मुलाने शिकवलं. त्याचीच रीत इथे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं काम खेळतानाच करायचं असतं. शेजारी कागद ठेवा, नाहीतर फोनमध्ये टिपून ठेवा. गुण लिहू नका, वेळ लिहा. किती वाजता तुम्ही पुढे सरकून बसलात, किती वाजता एका हाताने फोन उचललात, कोणत्या जागी ‘आता जेवून घेऊ’ असं वाटलं. मधल्या गेमची गंमत अशी की तो सगळीकडे सारखा मधला नसतो. त्यात उंच जागा असतात, खड्डे असतात, आणि आपण शेवटी सरासरी काढून ‘ठीक आहे’ म्हणतो. सरासरी काढली की माहिती मेली. कुर्ल्याला पाणी तुंबलं आणि मलबार हिलला कोरडं होतं, तर ‘मुंबईत मध्यम पाऊस’ हे सांगून कुर्लेकराचं काय भलं होणार?

दुसरं, गेम तुमच्याकडून शंभर वेळा काय करून घेतो ते शोधा. शेवटच्या तासात एकदा येणारा राक्षस नाही, दर पाच मिनिटांनी हाताला पडणारं काम. ‘मॅड मॅक्स’मध्ये अशी दोन कामं आहेत. एक, वाळवंटात गाडी हाकणं आणि साखळीच्या भाल्याने शत्रूच्या गाडीचं दार, चाक, कधी ड्रायव्हरच ओढून काढणं. मागे चमबकेट नावाचा कुबडा मेकॅनिक बसलेला असतो. गाडी थांबवली की तो लगेच उतरून ठोकाठोकी सुरू करतो. वादळ आलं की आकाश तपकिरी होतं, वाऱ्यात लोखंडाचे तुकडे उडतात, आणि सुरक्षित जागेपर्यंत पोचायची घाई अंगात येते. हे काम शंभरव्या वेळीही ताजं वाटतं. दुसरं काम म्हणजे उतरून तळ साफ करणं. कुंपण, पाच-सहा माणसं, हाणामारी, भंगार गोळा करणं, पुढचा तळ. दहाव्या तळाला माझा अंगठा आपोआप चालत होता आणि डोळे घड्याळाकडे होते. त्या मुलाने हे नऊ शब्दांत सांगितलं होतं.

इथे एक सवय मोडायला सांगतो. ग्राफिक्स, आवाज, कथा, गेमप्ले असे रकाने पाडून प्रत्येकाला गुण द्यायची पद्धत आपल्याकडे फार आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकातून ती आली असावी. मधल्या गेमवर ती पार फसते, कारण प्रत्येक रकान्यात सहा-सात पडतात आणि वाचणाऱ्याला खेळण्याचा अनुभव मिळतच नाही. शंभर वेळा केलेलं काम कसं वाटतं ते लिहिलंत तर चित्र, आवाज, कथा जिथे लागतील तिथे आपोआप येतात.

आणि ‘कसं वाटतं’ सांगायला मराठीसारखी भाषा नाही. कंट्रोल ‘खराब’ आहेत असं म्हणू नका. उडी लेचीपेची आहे का? तलवारीचा घाव बोथट लागतो का? गाडी वळणावर घसरडी आहे, की जड आहे, की चिकट आहे? मारामारीत बटण दाबल्यावर हात उशिरा उठतो का? घरी सुरीने कांदा चिरताना आपल्याला हे फरक लगेच कळतात. तीच बोटं इथेही आहेत, तेच शब्द वापरा. ‘टाइमपास’, ‘एकदा खेळायला हरकत नाही’, ‘फॅन असाल तर आवडेल’ ही तीन वाक्यं मी माझ्या वहीतून कायमची काढून टाकली. ती कुठल्याही गेमला चिकटतात, म्हणून कुठल्याच गेमबद्दल काही सांगत नाहीत.

खड्डा सापडला की तो कशामुळे पडला याचा विचार करा. हा भाग अवघड आहे आणि इथेच मत देणाऱ्याची कसोटी लागते. कल्पनाच चुकली का? कल्पना चांगली पण हातातून निसटली का? की नकाशा मोठा दिसावा म्हणून एकच काम चाळीस ठिकाणी पसरलं? ‘डेज गॉन’ घ्या. 2019 चा गेम, बेंड स्टुडिओचा. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर 100 पैकी 71. तुमच्या मोटरसायकलला पेट्रोल लागतं, मोडली तर भंगार शोधून दुरुस्त करावी लागते, म्हणून जंगलातला प्रत्येक साधा प्रवासही काळजीचा होतो. आणि जेव्हा शेकडो झोंबींचा लोंढा मागे लागतो तेव्हा छातीत धडधडतं. पण त्या लोंढ्यांशी खऱ्या अर्थाने भिडायची पाळी फार उशिरा येते. तोवर कितीतरी तास पाठलाग कर, माग काढ, गप्पा ऐक. म्हणजे दोष कल्पनेत नाही, मांडणीत आहे: ज्यासाठी हा गेम आहे ते ताट उशिरा वाढलं. असं लिहिलंत की ज्याला धीर आहे तो घेतो, ज्याला नाही तो सोडतो, आणि दोघांनाही आपण योग्य केलं असं वाटतं.

‘पाट्या टाकल्यात’ असं मात्र लिहू नका. कोणी किती रात्री जागून ते केलं, काय करायची परवानगी मिळाली आणि काय कापावं लागलं, हे पडद्यावरून कळत नाही. गेमवर बोला, माणसांच्या दानतीवर नको.

आता आपल्या घरच्या गेमकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये आला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजी नावाची, सर्कशीत कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, आणि वरून तिच्याकडे बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. मी तो कन्सोलवर खेळलो तेव्हा पहिला अर्धा तास नुसता भिंती बघत होतो. कमानी, जाळ्या, पायऱ्यांचं पाणी. गेममधला वाडा पहिल्यांदाच परका वाटत नव्हता. डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही. खांबाला गिरकी घेऊन खाली वार करता येतो, भिंतीवर पळत जाऊन उडी घेता येते, आणि कथा कठपुतळ्यांच्या सावल्यांतून पुढे सरकते.

आणि त्याच कागदावर पुढे माझी नोंद आहे: ‘कॅमेरा आपल्या हातात नाही, उडीचा अंदाज चुकला, पुन्हा चुकला.’ त्याखाली: ‘गर्दीत चुकवायचं बटण उशिरा लागतं, मार खाल्ला, माझी चूक वाटली नाही.’ ही शेवटची ओळ महत्त्वाची. चांगल्या गेममध्ये मेलो तरी ‘माझंच चुकलं’ म्हणून आपण परत उठतो. मार खाऊन अन्याय वाटला की तिथे खड्डा आहे असं समजा आणि जागा लिहून ठेवा.

आपल्याकडच्या गेमवर लिहिताना दोन टोकं दिसतात. एक, आपल्या मातीतला म्हणून डोक्यावर घ्यायचा आणि कॅमेऱ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दुसरं, ‘आपल्या लोकांना जमणारच नाही’ म्हणत तोंड फिरवायचं. दोन्हींत खेळ बाजूला राहतो. मी पुतणीला सांगितलं ते असं: पाच-सहा तासांचा आहे, भिंतींसाठी आणि कठपुतळ्यांसाठी घे, मारामारी सोप्या पातळीवर ठेव, उड्यांच्या जागी चिडशील तर पाणी पिऊन ये. ती खेळली, चिडली, पूर्ण केला.

आकड्यांबद्दल. गुण द्यायचे तर द्या, पण दुसऱ्यांचे आकडे वाचताना ते काय मोजतात ते माहीत असू द्या. मेटाक्रिटिक समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढतं, आणि गेमसाठी 50 ते 74 म्हणजे पिवळा रंग. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान मात्र खेळणाऱ्यांचे अंगठे मोजतं: किती टक्के लोकांनी वर केला आणि किती लोकांनी खाली. तिथे 40 ते 69 टक्क्यांना ‘मिक्स्ड’ म्हणतात. म्हणजे स्टीमवरचे 68 टक्के आणि मेटाक्रिटिकवरचे 68 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर जणांना गेम जेमतेम आवडला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला तर स्टीमवर 100 टक्के दिसतील. तिथे 68 टक्के दिसले तर मी एकच प्रश्न विचारतो: उरलेले 32 टक्के लोक कशावर चिडले? त्यांच्या नोंदी आधी वाचतो, प्रत्येकाच्या नावाखाली किती तास खेळला ते असतं तेही बघतो. चाळीस तास खेळून अंगठा खाली करणाऱ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी नक्की असतं.

आकड्याने माणसांच्या पगारावरही परिणाम होतो. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ 2010 चा. मेटाक्रिटिकवर 85 मिळाले तर बोनस असं ठरलं होतं आणि 84 मिळाले, असं तो गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीच्या ख्रिस अव्हेलोन यांनी 2012 मध्ये सांगितलं. त्या एका गुणाची आठवण ठेवून मी घाईत गुण देत नाही. किमान एक रात्र जाऊ देतो.

किंमत आणि गुणवत्ता वेगळ्या ठेवा. गेम सेलमध्ये स्वस्त झाला म्हणून त्याची उडी नीट होत नाही. मत तेच राहतं, सल्ला बदलतो. माझ्या गिऱ्हाइकांत तीन-तीन महिने पैसे साठवून एक डिस्क घेणारी मुलं होती. नव्या पीएस4 डिस्कला तेव्हा साडेतीन-चार हजार पडायचे. त्याला मी ‘मॅड मॅक्स’ भाड्याने दोन दिवस ने म्हणायचो, विकत नको. महिन्याला दोन गेम घेणाऱ्याला तोच गेम बिनधास्त घे म्हणायचो.

स्टीमवर घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. सोय चांगली आहे, पण दोन तासांवर मत लिहू नका. ‘डेज गॉन’ दोन तासांत कळत नाही. दोन तासांतच सोडलात तर तसं स्पष्ट लिहा: ‘दोन तास खेळलो, इथे थांबलो, या कारणाने.’ तेही प्रामाणिक मत आहे. तारीख आणि मशीनही लिहा, कारण गेम बदलतात. 2016 चा ‘नो मॅन्स स्काय’ आणि 2018 च्या मोठ्या अपडेटनंतरचा तो, यांवर एकच मत चालणार नाही.

फोनवरच्या गेमला एक परीक्षा पुरे: डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने, एका हाताने, दादरपर्यंत. किती वेळ खेळलात आणि किती वेळ जाहिरात बघितलीत ते मोजा, दोन्ही लिहा.

लिहून झालं की गेम माहीत नसलेल्या एखाद्या खेळणाऱ्याला वाचून दाखवा आणि गप्प बसा. त्याने ‘म्हणजे घेऊ की नको?’ असं विचारलं तर अजून काम बाकी आहे. त्याने ‘मग माझ्यासाठी नाही’ किंवा ‘हे मला आवडेल’ असं म्हटलं तर झालं.

माझ्या वहीत ‘मॅड मॅक्स’वर त्या मुलाच्या वाक्याखाली मी नंतर लिहिलेलं मत आहे, ते उतरवतो. ‘पीएस4, नोव्हेंबर 2015, तीस-पस्तीस तास. गाडी जड आहे आणि तो जडपणा आवडतो, धडक दिली की हातात लागते. वादळ आलं की खेळ थांबवून नुसतं बघावं. पायी हाणामारी पहिल्या तीन तळांपर्यंत चांगली, नंतर तीच. नकाशावरच्या सगळ्या खुणा पुसायच्या सवयीच्या माणसाने नेऊ नये, कंटाळेल. खुणा सोडून भटकणाऱ्याला द्यावा. दोन दिवसांसाठी. तिसऱ्या दिवसाचे पैसे घेऊ नयेत.’