व्हिक्टोरियाचं ‘ओ मॅग्नुम मिस्टेरियुम’ बसवताना
स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाची ही नाताळची लॅटिन रचना 1572 साली छापली गेली. चार आवाज, साथ नाही. घोटाळा होतो तो पहिल्याच ओळीत. सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाच्या गायिका) पंचमावरून षड्जावर उतरतात, परत पंचम, मग कोमल धैवत. परतीचा पंचम हमखास उतरलेला लागतो आणि मागून येणारे आल्टो (त्याखालचा आवाज) तोच उचलतात. म्हणून ही ओळ आधी ‘नू’वर, तंबोऱ्यासोबत घोटा. पियानो नको, त्याचा स्वर लगेच विरतो. ‘मिस्टेरियुम’च्या मध्ये श्वास घेऊ नका.

‘ओ बेआता विर्गो’ला चारही आवाज एकत्र येतात. त्याआधीची शांतता पूर्ण मोजा. ‘अल्लेलुया’ तीन मात्रांत सुरू होऊन अखेरीस दोनांत परततं. तिथे मंडळी पळतात, तेव्हा आधी टाळी धरून नुसते शब्द म्हणवून घ्या.