नाशिकहून दोन दिवसांची कौटुंबिक सहल : ठिकाण निवडण्यापासून घाट पार करण्यापर्यंत

नाशिकच्या आसपास शनिवार-रविवारी कुठे जावे, हे सांगणाऱ्या याद्यांना तोटा नाही. भंडारदरा, सापुतारा, जव्हार, सप्तशृंगगड ही नावे त्यांत हमखास असतात, प्रत्येकापुढे किलोमीटर लिहिलेले असतात आणि ‘दोन-अडीच तासांत आरामात पोचता येते’ असे आश्वासनही असते. या चारही ठिकाणांच्या वाटेत घाट आहे आणि मागच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला गाडी लागत असेल तर त्या दोन-अडीच तासांतला शेवटचा अर्धा तास साऱ्या कुटुंबाची परीक्षा पाहतो, ही गोष्ट मात्र त्या याद्यांमध्ये कधीच नसते. म्हणून या लेखात बाकीची तयारी थोडक्यात उरकून घाटावर सविस्तर लिहिले आहे.

ठिकाण निवडताना

निवड करताना गाडीतल्या सर्वांत नाजूक प्रवाशाला प्रमाण मानावे, मग ते लहान मूल असो वा आजी. ज्याला सपाट रस्त्यावरही मळमळते, त्याला पहिल्याच सहलीत घाटात नेण्याचा हट्ट धरू नये. अशा कुटुंबांसाठी हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पहिले ठिकाण होय. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या पाणथळ जागेला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथे जाणारा रस्ता सपाट आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाण्यावर बदकांचे थवे उतरलेले असतात. उजाडता उजाडता तिथे पोचावे, कारण उन्हे चढल्यावर आलेल्या मुलांना लांबवर हलणारे काळे ठिपके तेवढे दिसतात आणि ती दहा मिनिटांत कंटाळतात. दुसरा दिवस येवल्यात पैठणीचे माग पाहण्यात चांगला जातो.

घाट चालणार असेल तर सापुतारा सोपा. नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या ठिकाणी आपल्या बाजूने जाताना खरा चढ शेवटी, हातगडाच्या पायथ्यापासून लागतो आणि तो लांब नाही. तलाव आणि रोपवे यांत मुलांचा दिवस सहज निघतो. हे ठिकाण गुजरातच्या डांग जिल्ह्यात असल्यामुळे तिथे दारूबंदी आहे, याची आठवण बरोबरच्या काकामंडळींना आधीच करून द्यावी.

भंडारदरा सुमारे ७० किलोमीटरवर आहे. प्रवरेवरील विल्सन धरण, जे १९२६ मध्ये पूर्ण झाले, रंधा धबधबा आणि रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर एवढे दोन दिवसांना पुरते. जलाशयाला पूर्ण फेरी मारण्याचा सल्ला सगळे देतात, परंतु दहा वर्षांखालील मुले बरोबर असताना मी तो देणार नाही. रतनवाडीपर्यंत जाऊन आल्या वाटेने परतावे. कळसूबाई १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे आणि त्याच्या पायथ्याचे बारी गाव वाटेतच लागते, म्हणून ‘जाता जाता’ ते चढून यावे असे सुचवणाऱ्यांनी बहुधा चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन शिड्या चढलेल्या नसाव्यात.

सप्तशृंगगडावर नांदुरीपासून सुमारे दहा किलोमीटरचा घाट आहे. वर पोचल्यावर मंदिरापर्यंत जाण्यासाठी २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली (उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा) सुरू असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. नवरात्र आणि चैत्रातील यात्रा टाळावी, त्या दिवसांत खासगी वाहने नांदुरीलाच थांबवून एस.टी.ने वर जावे लागते. जव्हार मात्र शेवटी ठेवावे. त्र्यंबक-मोखाडामार्गे जाणाऱ्या त्या रस्त्यावर तोरंगणच्या घाटासह वळणांची रांगच असते आणि राजवाडा व वारली चित्रे यांत रमणारी मुले थोडी मोठी असावी लागतात. शिवाय २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या काळात पर्वणीच्या आसपास त्र्यंबकचा रस्ता सहलीसाठी धरूच नये.

आरक्षण, सामान आणि निघण्याची वेळ

खोली आधी आरक्षित करावी, तळमजल्यावरची मागावी आणि रात्रीचे जेवण किती वाजता मिळते हे विचारून घ्यावे. सामानाविषयी सांगण्यासारखे काही नाही, ते सर्वांना कळते.

पहाटे सहाला गाडी सुरू व्हावी. मुंबईची मंडळी कसारा चढून इगतपुरी-घोटीला येईपर्यंत आपण भंडारदऱ्याच्या वाटेला लागलेलो असतो. नाशिककरांच्या पदरी असलेला हा मोठा फायदा आठ वाजता निघणारे दर शनिवारी फुकट घालवतात.

घाट

सहलीतला हा एकच टप्पा खऱ्या अर्थाने अवघड आहे आणि त्याने मला बराच काळ छळले. ओवा चघळायला द्या, लिंबू हुंगायला द्या, उपाशीपोटी न्या, पोट भरून न्या, पुढच्या सीटवर मांडीवर बसवा असे परस्परविरोधी सल्ले एकाच घरात ऐकू येतात. त्यांतले कोणते खरे आणि कोणते निरुपयोगी हे ठरवायचे असेल तर गाडी का लागते, ते आधी समजून घ्यावे लागते. आपल्या अंतःकर्णातील, म्हणजे कानाच्या आतल्या भागातील, तोल सांभाळणारी रचना शरीर वळते आहे, कलते आहे असे मेंदूला सांगत असते आणि त्याच वेळी समोरच्या सीटची पाठ किंवा मोबाइलचा पडदा पाहणारे डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे कळवत असतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालील बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक असतो. त्यामुळे उपायाची दिशा सरळ आहे, डोळ्यांना बाहेरचा रस्ता दिसला पाहिजे आणि शरीराला बसणारे हेलकावे कमी झाले पाहिजेत.

बसण्याची जागा सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच आपण उलटी देतो. सात आसनी गाडीत मोठी माणसे ऐसपैस मधल्या ओळीत बसतात आणि मुलांना डिकीजवळच्या शेवटच्या ओळीत कोंबतात. ती जागा मागच्या चाकांवर असते, तिथून समोरचा रस्ता दिसत नाही आणि प्रत्येक वळणाचा झोका तिथे जास्त लागतो. घाटाआधी गाडी थांबवून मुलांना मधल्या ओळीत आणावे आणि शेवटच्या ओळीत काकांनी जावे, मग काका कितीही कुरकुरले तरी चालेल. पाच आसनी गाडीत मागच्या सीटचा मधला भाग उत्तम, कारण तिथून समोरची काच दिसते. अर्थात पट्टा लावूनच. मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसण्याचा सल्ला ऐकू नये. एअरबॅग उघडली तर मांडीवरच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. एस.टी.ने जात असाल तर चालकाच्या बाजूच्या पुढच्या जागा धराव्यात, मागच्या चाकावरची सीट टाळावी.

यानंतर चालक. गाडी लागण्याचे खापर मुलाच्या ‘नाजूक पोटा’वर फोडणाऱ्यांनी एकदा स्वतःचा उजवा पाय पाहावा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा, वळण संपताच जोरात वेग वाढवायचा आणि पुढच्या वळणात पुन्हा ब्रेक, अशा पद्धतीने बारीचा घाट चढला तर मोठ्या माणसाचेही पोट ढवळते. वेग वळणाच्या आधी सरळ भागात कमी करावा, वळणात एक्सिलरेटर एकसारखा हलका दाबलेला ठेवावा आणि चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहावे. मालट्रकच्या मागे अडकल्यावर दर दहा सेकंदांनी बाहेर डोकावून परत आत घेण्याची सवय सोडावी. अंतर ठेवून शांतपणे मागे राहिलेले बरे. चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, हा नियम उतरणाऱ्यांनी पाळावा आणि चढणाऱ्यांनी तो समोरचा पाळेलच असे धरून चालू नये. पावसाळ्यात धुके असेल तर लो बीम ठेवून हळू जावे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले की वळणाचा इशारा कोणालाच कळत नाही, तरीही निम्मी वाहने तसेच करतात.

खाण्याबाबत माझे मत नाशिककरांना पटणार नाही. सकाळी निघताना वाटेत मिसळ खाण्याची आपली रीत घाटाच्या दिवशी बाजूला ठेवावी. तर्रीचा तवंग आणि वर दही पोटात घेऊन तासाभरात वळणांवर झुलायला लागले की काय होते, हे सांगायला नको. उपाशी नेणेही तितकेच चुकीचे आहे, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. घाटाच्या तासभर आधी इडली, दशमी किंवा खाकरा, सोबत पाण्याचे दोन-चार घोट एवढे पुरे. दूध नको. आल्याचा काहींना थोडा उपयोग होतो, म्हणून आलेपाक बरोबर असू द्यावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. गाडीतला सुगंधी डबा निघण्याआधी घरीच काढून ठेवावा.

गोळी द्यायची असेल तर ती मळमळ सुरू झाल्यावर देण्यात अर्थ नाही, साधारण तासभर आधी द्यावी लागते. मुलाला कोणती आणि किती द्यायची हे आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारावे. या कामासाठी सर्रास वापरले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. अशा गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे चालकाने चुकूनही घेऊ नये.

मोबाइल घाटाच्या पायथ्याशी बंद करावा. भांडण होईल, ते पायथ्याशीच होऊ द्यावे. त्याऐवजी समोरून येणारी लाल एस.टी. आधी कोणाला दिसते असले खेळ चालू ठेवले की नजर आपोआप लांब राहते. खिडकी थोडी उघडी असावी. आणि आईवडिलांनी दर पाच मिनिटांनी ‘मळमळतंय का रे?’ असे विचारणे कृपया थांबवावे, कारण विचारून विचारून मुलाचे सगळे लक्ष पोटाकडे लागते. विचारण्याऐवजी पाहावे. बडबडे मूल एकाएकी गप्प होते, जांभया देऊ लागते, ओठांभोवतीचा रंग उतरतो, ते वारंवार थुंकी गिळते. एवढे दिसले की हातात दोन-तीन मिनिटे असतात. वळणावर न थांबता पुढची मोकळी जागा गाठावी, मुलाला डाव्या बाजूने उतरवावे आणि लांबच्या डोंगराकडे पाहत उभे राहू द्यावे. निम्म्या वेळा एवढ्यावरच निभावते.

उरलेल्या निम्म्या वेळांची तयारी सामानात नव्हे, हाताशी असावी. वाण्याकडून आलेल्या पातळ पिशव्यांना तळाशी शिवणीजवळ बारीक भोक असते. ती फुगवून, दाबून घरीच तपासावी किंवा सरळ झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा. ओला पंचा, पाण्याची बाटली, एक जोड कपडे आणि सीटवर अंथरायला जुनी चादर हे सर्व एका पिशवीत मुलाच्या पायाशी ठेवावे. डिकीच्या तळाशी ठेवलेले कपडे घाटात मिळत नाहीत. उलटी झाल्यावर लगेच पुढे निघू नये. पंधरा मिनिटे थांबावे, तोंड धुवावे, घोट घोट पाणी द्यावे आणि मुलाला रागावू नये.

पोचल्यावर

शनिवारी दुपारी काहीही ठरवू नये. जेवण, झोप आणि संध्याकाळी धरणाच्या किंवा तलावाच्या काठी फेरी पुरेशी होते. पावसाळ्यात धबधब्याखाली मुलांना नेऊ नये. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते आणि दगडांवरचे शेवाळ मोठ्यांनाही उभे राहू देत नाही. मे अखेरीस ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणार असाल तर शनिवारची रात्र सोडून जावे. त्या रात्री झाडांवरच्या काजव्यांपेक्षा रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे अधिक दिसतात.

परतताना

उतरतानाचा घाट पोटाला चढापेक्षा अधिक जड जातो, कारण ब्रेक जास्त लागतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग इंजिनच आवरून धरते आणि धक्के बसत नाहीत. गोळी दिली असेल तर परतीचीही तासभर आधी, म्हणजे रविवारच्या जेवणाच्या सुमारास द्यावी लागते. ती सगळे विसरतात. हलके जेवून दोनच्या सुमारास निघाले की मुले बहुधा घाटाआधीच झोपतात आणि झोपलेल्या मुलाला गाडी क्वचितच लागते. ते झोपले असेल तर मोठ्यांनी चहासाठी गाडी थांबवण्याचा आग्रह धरू नये. चहा दिंडोरीला किंवा घोटीलाही मिळतो.