मोहल्ल्याच्या क्रिकेटची वही कशी तयार करावी

नागपुरातल्या महाल, इतवारी, धंतोली किंवा अजनीसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये एखादा तरी असा क्रिकेट संघ होऊन गेलेला असतो, ज्याचे नाव आता साठीच्या पुढच्या चार-दोघांनाच ठाऊक असते. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 या हंगामांत रणजी करंडक जिंकला आणि त्या सामन्यांची प्रत्येक धाव नोंदलेली आहे. परंतु ज्या मोकळ्या जागांवर टेनिस बॉलने खेळत या शहराला क्रिकेटचे वेड लागले, तिथल्या खेळाची नोंद सहसा कुठेच सापडत नाही. आमच्या मोहल्ल्याच्या संघाचे स्कोअरबुक एका घराच्या रंगरंगोटीच्या वेळी रद्दीत गेले. त्यातले जेवढे परत मिळवता येईल तेवढे मिळवताना जी पद्धत हाती लागली, ती येथे सांगतो.

सुरुवात वस्तूंपासून करावी. ‘तुम्ही क्रिकेट खेळत होतात ना?’ असे थेट विचारले की ‘हो, खेळायचो’ एवढ्यावर बोलणे संपते. पण संघाचा जुना फोटो हाती दिला की तेच काका डावीकडून उजवीकडे एकेक नाव घेऊ लागतात, आणि कोण वारले, कोण पुण्याला गेले, कोणाचा यॉर्कर कसा पडायचा हे आपोआप येत जाते. म्हणून आधी फोटो, शील्ड, दोरी गुंडाळलेली बॅट, स्पर्धेचे पत्रक असे जे मिळेल ते जमवावे. फोटोची मागची बाजूही टिपून घ्यावी, कारण तारीख आणि नावे बहुधा तिथेच असतात. वस्तू स्वतःकडे ठेवून घेऊ नये. मोबाइलवर छायाचित्र काढून त्याच दिवशी परत करावी.

बैठक शक्यतो मैदानावरच घ्यावी, मग ते रेशीमबाग असो, कस्तुरचंद पार्क असो किंवा आता इमारत उभी राहिलेला एखादा प्लॉट. हिवाळ्यातली रविवारची सकाळ सर्वांत सोयीची असते. तर्री-पोहे खाऊन झाल्यावर ज्येष्ठ मंडळी निवांत असतात. उन्हाळ्यात जायचे असेल तर सहाला जावे आणि ऊन चढण्याआधी परतावे. मे महिन्यात आपल्याकडे खेळही त्याच वेळेत उरकत असे. जागेवर उभे राहिले की माणूस पावले मोजून खेळपट्टी दाखवतो, चौकार कुठल्या भिंतीपर्यंत होता आणि कोणाच्या अंगणात गेलेला चेंडू परत मिळत नसे हे सांगतो. याचा नकाशा तिथेच कागदावर काढावा. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि आरंभी तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. चार महिन्यांनी वीस ध्वनिफिती समोर आल्या की याचे मोल कळते.

प्रश्नांवर मात्र सर्वाधिक मेहनत घ्यावी. सर्वोत्तम खेळी कोणती, हे विचारण्याआधी चेंडूचे पैसे कुठून येत, वर्गणी किती असे, बॅट रात्री कोणाच्या घरी राहत असे, हे विचारावे. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा नियम तुमच्याकडे होता की मोडला गेला होता? एका टप्प्यावर झेल घेतला तर आउट धरत का? खेळाडू विषम संख्येने जमले तर दोन्ही बाजूंनी खेळणारा ‘कॉमन’ कोण असे, आणि ‘लिंबूटिंबू’ ठरलेल्या धाकट्याला किती चेंडू मिळत? हे नियम कुठल्याही पुस्तकात छापलेले नव्हते, पोरांनीच भांडून ठरवलेले होते. म्हणून ते ज्या शब्दांत सांगितले जातील त्याच शब्दांत, मराठीत मिसळलेल्या हिंदीसकट, लिहून घ्यावेत.

एक प्रश्न मी कधीही गाळत नाही: ‘काका, चेंडू नाल्यात गेला तर उतरायचे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळ जण थबकतात. पळवणकर बाळू यांच्यासारखा दलित समाजातला महान गोलंदाज पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांबरोबर एकाच मैदानावर खेळत असे, पण चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून वेगळा दिला जाई, हे इतिहासात नोंदलेले आहे. आपल्या मैदानावर तसे काही घडत होते का, हे आपल्यालाच विचारावे लागेल. क्रिकेटने सगळ्यांना एकत्र आणले असे आपण आनंदाने म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु वहीत ही बाजू आली नाही तर ती वही अपुरी राहील. त्याचप्रमाणे घरातल्या आजी, मावशी आणि ताईंकडे स्वतंत्रपणे जावे. नागपूरची मोना मेश्राम 2017 च्या महिला विश्वचषकातील भारतीय संघात होती. तिच्याआधीच्या किती मुलींना मैदानाच्या कडेला उभे राहून केवळ चेंडू परत फेकायला मिळाला, हे त्याच सांगू शकतात.

यानंतर आठवणी पडताळाव्यात. ‘गावसकरचे शतक मी जामठ्याला पाहिले,’ असे कोणी सांगितले तर लक्षात ठेवावे की जामठ्याचे मैदान 2008 मध्ये सुरू झाले, आणि गावसकर यांचे एकदिवसीय सामन्यांतील एकमेव शतक, नाबाद 103, हे 31 ऑक्टोबर 1987 रोजी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध झाले. त्याच सामन्यात चेतन शर्मा यांनी तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवून विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. 1969 च्या नागपूर कसोटीत भारत जिंकला असे ठामपणे सांगणारेही भेटतील. ती न्यूझीलंडने जिंकली होती. प्रकाशित धावफलक आणि ग्रंथालयातील ‘तरुण भारत’, ‘लोकमत’, ‘हितवाद’ यांचे जुने अंक यासाठी उपयोगी पडतात. मात्र चूक सापडली म्हणून त्या माणसाला टोकू नये आणि त्याचे वाक्यही पुसू नये. पानाच्या डाव्या बाजूला त्याचे शब्द आणि उजव्या बाजूला पडताळणी, अशी मांडणी करावी. पराभव विजय होऊन कसा आठवतो, हेही त्या काळाविषयी बरेच सांगते.

वही हाताने लिहिलेली असो वा टंकलेली, तिच्या तीन प्रती काढाव्यात: एक मोहल्ल्यातल्या वाचनालयात, एक सर्वांत वयोवृद्ध खेळाडूकडे आणि एक सध्या त्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांकडे. कोणाचाही पत्ता किंवा फोन क्रमांक तिच्यात घालू नये. वाचन एकत्र बसून करावे, आणि त्यासाठी दिवस हवा असेल तर 31 ऑक्टोबरच निवडावा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म 1895 साली याच तारखेला याच शहरात झाला. वाचताना कोणीतरी हमखास ‘असे नव्हते’ म्हणून उठेल, त्याच्यासाठी शेवटची दहा पाने कोरी आणि पेन जवळ ठेवावे.