जुना क्लोन पुसण्याआधी

लॅपटॉप बदलायचा असतो, नाहीतर डिस्क भरलेली असते. ‘सगळं सर्व्हरवर आहेच की’ म्हणत आपण गिट रेपोचं (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास असलेलं) फोल्डर, म्हणजे आपल्याकडची प्रत किंवा ‘क्लोन’, उडवून मोकळे होतो. पण सर्व्हरवर असतं ते फक्त पुश केलेलं, म्हणजे आपण तिथे पाठवलेलं, बाकीचं त्या फोल्डरसोबत जातं.

सुरुवात सर्व्हरची ताजी स्थिती आणणाऱ्या ‘गिट फेच --ऑल --प्रून’ने करा, नाहीतर पुढची सगळी तुलना शिळ्या माहितीवर होईल. मग ‘गिट ब्रँच -व्हीव्ही’ने ब्रँचची (कामाच्या वेगवेगळ्या शाखांची) यादी बघा. ‘अहेड’ दिसलं तर पुश राहिलंय. ‘गॉन’ म्हणजे सर्व्हरवरची तिची जोडीदार ब्रँच कुणीतरी काढून टाकली आहे. आणि जिच्यापुढे चौकोनी कंसच नाही, ती बहुधा कधी बाहेर गेलेलीच नाही. रात्री उशिरा ‘करून तर बघू’ म्हणून काढलेल्या ब्रँच इथेच सापडतात. ‘गिट लॉग --ब्रँचेस --नॉट --रिमोट्स’ने सर्व्हरवर न गेलेले असे सगळे कमिट (बदलांच्या जतन केलेल्या नोंदी) एकत्र दिसतात. त्यात स्क्वॉश करून, म्हणजे अनेक कमिटचा एकच करून, मर्ज झालेलं कामही दिसेल. त्याचा मजकूर मेन या मुख्य ब्रँचमध्ये पोचलेला असतो, पण कमिटचा हॅश (ओळखखूण) बदललेला असतो. ‘गिट ब्रँच’ला छोटा ‘डी’ देऊन अशी ब्रँच निघत नाही ती त्यामुळेच. वैतागून, जबरदस्तीने काढणारा मोठा ‘डी’ वापरण्याआधी ती खरंच मर्ज झाली होती ना, एवढं बघा.

स्टॅश, म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेले बदल, पुश होत नाही. त्याच्या यादीतल्या ‘डब्ल्यूआयपी ऑन मेन’ अशा सात ओळी वाचून कुणाला काय आठवणार? प्रत्येक उघडून बघा आणि कामाचा असेल त्याची ‘गिट स्टॅश ब्रँच’ने ब्रँच करा. डिटॅच्ड हेडवर, म्हणजे कुठल्याच ब्रँचवर नसताना, केलेले कमिट फक्त रेफलॉगमध्ये (आपण कुठून कुठे गेलो याच्या स्थानिक नोंदवहीत) उरतात. रेफलॉगमधली नोंद एरवी 90 दिवस राहते, कुठल्याच ब्रँचवरून पोचता न येणाऱ्या कमिटची 30 दिवस. फोल्डर गेलं की तीही नाही.

आता मी स्वतः ठेच खाल्लेली जागा. त्याच डिस्कवरचा दुसरा क्लोन या क्लोनच्या जिवावर चालतोय का, हे तपासा. साध्या लोकल क्लोनमध्ये हार्डलिंक (एकाच फाइलची दोन नावं) असतात, तिथे एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. पण ‘--शेअर्ड’ देऊन केलेला क्लोन ऑब्जेक्ट (फाइली आणि इतिहासाचा साठवलेला डेटा) स्वतःकडे ठेवतच नाही, मूळ रेपोतून उसने घेतो. मी मूळ फोल्डर पुसलं आणि शेजारच्या क्लोनमध्ये साधा लॉगसुद्धा निघेना. दुसऱ्या क्लोनच्या ‘.गिट/ऑब्जेक्ट्स/इन्फो’मध्ये ‘आल्टरनेट्स’ नावाची फाइल असेल तर आधी तिथे ‘गिट रिपॅक -ए -डी’ चालवा. यातला ‘ए’ छोटाच हवा, ‘एल’ जोडायचा नाही. उसने ऑब्जेक्ट त्याच्या स्वतःच्या पॅकमध्ये येतात. मग ‘आल्टरनेट्स’ काढून टाका. वर्कट्रीचंही (त्याच रेपोला जोडलेल्या जास्तीच्या फोल्डरचंही) तसंच: ‘गिट वर्कट्री लिस्ट’मध्ये आणखी फोल्डर दिसली, तर मुख्य क्लोन गेल्यावर ती निकामी होतील.

हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट), लोकल कॉन्फिग आणि इग्नोर केलेल्या फाइली (‘गिट स्टेटस --इग्नोर्ड’) हातानेच कॉपी कराव्या लागतात. सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) असतील तर प्रत्येकात शिरून हीच सगळी फेरी पुन्हा.

गिटऐवजी मर्क्युरिअल वापरत असाल तर ‘एचजी आउटगोइंग’ बघा, मात्र सीक्रेट फेजमधले (पाठवायचे नाहीत अशी खूण केलेले) कमिट ते दाखवत नाही.

तरीही धाकधूक असेल तर ‘गिट बंडल क्रिएट’ला ‘--ऑल’ देऊन सगळ्या ब्रँच आणि टॅग एका फाइलमध्ये बांधा. ती फाइल दुसऱ्या डिस्कवर नेऊन तिच्यातून एकदा क्लोन करून बघा आणि मग जुनं फोल्डर पुसा.