बीडच्या रीतीनं ईस्टरची तारीख हातावर काढा

संत बीड (Bede) हे इंग्लंडमधले मठवासी, इतिहासकार म्हणून प्रसिद्ध आहेत. इंग्लंडच्या चर्चचा इतिहास त्यांनी ७३१ मध्ये पूर्ण केला. पण त्यांचं डोकं कसं चालत होतं हे समजून घ्यायचं असेल, तर ७२५ मधला त्यांचा काळगणनेवरचा ग्रंथ हाताशी धरावा आणि त्यातलं गणित स्वतः करून पाहावं. भागाकार आणि बाकी येत असली की पुरे. पंचांग उघडण्याची सवय असलेल्या घरात तर हे गणित लवकर उमगतं.

बीड सातव्या वर्षी नॉर्थम्ब्रियातल्या (उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्यातल्या) वेअरमथच्या मठात आले. पुढचं आयुष्य त्यांनी मुख्यतः जवळच्या जॅरोच्या मठात काढलं. एकोणिसाव्या वर्षी डीकन (धर्मगुरूच्या आधीची पायरी), तिसाव्या वर्षी धर्मगुरू. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, याच्या तारखेवर त्यांनी एवढी मेहनत का घेतली? त्यांच्याच राज्यात राजा ऑस्विउ आयरिश रीतीनं ईस्टर पाळी आणि राणी एअनफ्लेड रोमन रीतीनं. त्यामुळे राजाचा सण सुरू झाला तरी राणीचा उपास सुटलेला नसे. ६६४ मध्ये व्हिटबीच्या धर्मसभेत निकाल रोमन रीतीच्या बाजूनं लागला. ती रीत कुणालाही पडताळता येईल अशी मांडण्याचं मोठं काम बीड यांनी केलं.

नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतर चंद्राचं वय १४ दिवस होईल ती तारीख धरायची आणि तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर. ही १४ म्हणजे आपली चतुर्दशी-पौर्णिमा. मात्र हा चंद्र आकाशातला नव्हे, कोष्टकातला. हे विसरलं की पुढचं सगळं चुकल्यासारखं वाटू लागतं.

उदाहरणाला ७३५ साल घेऊ. बीड त्याच वर्षी वारले.

आधी चंद्र. सालाला १९ नं भागा, बाकी १३. तिला ११ नं गुणा, १४३. त्यातून ३० चे गट काढा, उरले २३. हे २२ मार्चचं चंद्राचं वय. वय १५ किंवा कमी असेल तर ते १४ मधून वजा करा, जास्त असेल तर ४४ मधून. इथे ४४ वजा २३ म्हणजे २१. २२ मार्चपुढे २१ दिवस मोजले की १२ एप्रिल येते. वय बरोबर १५ आलं तर वजाबाकी उणे एक होते. तेव्हा एक दिवस मागे जाऊन २१ मार्च घ्यायचा. नेमकं इथेच पुष्कळ जण ४४ मधून वजा करतात आणि एक महिना पुढे जातात.

मग वार. साल, सालाचा चौथा हिस्सा (अपूर्णांक सोडून) आणि ४ यांची बेरीज करा: ७३५ + १८३ + ४ = ९२२. ७ नं भागून बाकी ५. रविवार १ धरून मोजलं तर २४ मार्चला गुरुवार. बाकी शून्य आली तर ती ७, म्हणजे शनिवार. १२ एप्रिल त्यानंतर १९ दिवसांनी येतो, म्हणजे मंगळवार. पुढचा रविवार १७ एप्रिल, आणि ७३५ चा ईस्टर तोच. १२ तारखेलाच रविवार असता तर ईस्टर १९ ला गेला असता. १७ एप्रिलपासून ३९ दिवसांनी, २६ मे रोजी, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. त्याच्या आदल्या संध्याकाळी बीड गेले. सूर्यास्तापासून दिवस धरला तर तो सणाचाच दिवस.

हे कागदाशिवाय साधावं म्हणून बीड यांनी हातच कोष्टक केला. एका हाताची पेरं १४, त्यांत पाच नखं धरली की १९: चंद्राचं चक्र. दोन्ही हातांची पेरं २८: वारांचं चक्र, कारण चार वर्षांचं लीप आणि सात वार. १९ गुणिले २८ म्हणजे ५३२ वर्षांनी चंद्र आणि वार पुन्हा त्याच जोडीनं येतात. त्यांचं कोष्टक ५३२ ते १०६३ सालापर्यंतचं आहे. सरावासाठी पेरांचा क्रम तुम्ही ठरवलात तरी चालेल, फक्त तो मध्येच बदलू नका. १९ वर्षांचं हे चक्र आपल्याला परकं नाही. २००७ मध्ये अधिक ज्येष्ठ होता, २०२६ मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठच.

आता २०२६ करून बघा. १९ नं भागून बाकी १२, वय १२, तारीख २४ मार्च. वाराचा अंक २, सोमवार. ईस्टर ३० मार्च. ही जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख. आजच्या तारखेसाठी १३ दिवस मिळवा: १२ एप्रिल. ग्रीक आणि रशियन चर्चचा ईस्टर त्याच दिवशी. नागपूरच्या कॅथेड्रलमध्ये मात्र तो ५ एप्रिलला, कारण १५८२ मध्ये सुधारलेलं गणित तिथे चालतं. फरक कुठे पडला ते पंचांग सांगतं: चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, आणि बीड यांचा चंद्र ६ एप्रिलला. १९ ज्युलियन वर्षं २३५ चांद्रमासांपेक्षा जवळपास दीड तासानं मोठी असतात. ३०८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो, तेराशे वर्षांत चार.

नियमातला २१ मार्च म्हणजे वसंतातला विषुवदिन, दिवस आणि रात्र सारखे असण्याचा दिवस. तो २५ मार्चला मानण्याची जुनी परंपरा होती. बीड यांनी २१ मार्च धरला आणि त्यासाठी सावलीयंत्राचाही दाखला दिला. ही पडताळणी नागपुरात गच्चीवर होते. १ मीटरची सरळ काठी उभी करा. विषुवदिनी भर मध्यान्ही तिची सावली ३८.७ सेंमी भरते. जॅरोला हीच सावली जवळजवळ १४३ सेंमी असते. नागपूरची खरी मध्यान्ह त्या सुमारास घड्याळात १२ वाजून २१ मिनिटांनी होते, बाराला मोजू नका. सावली रोज साधारण ८ मिलिमीटरनं आखूड होत जाते, म्हणून १५ ते २७ मार्च रोज मोजा आणि ३८.७ कधी ओलांडली ते आलेखावर बघा.

चुका दोन ठिकाणी होतात. काठी उत्तर-दक्षिण एक अंश कलली तरी सावली पावणेदोन सेंमीनं चुकते, म्हणजे दोन दिवसांचा फरक. ओळंबा लावल्याशिवाय सुरू करू नका. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतोच, तेव्हा खाली फळी ठेवून ती लेव्हल ट्यूबनं समतल करा. दुसरं, सावलीचं टोक सेंटीमीटरभर पुसट असतं. काठीच्या टोकाला ५ मिलिमीटर छिद्राचा पुठ्ठा लावा, छिद्राची उंची बरोबर १ मीटर ठेवा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजा.